उंबऱ्याबाहेरचा जोडा

“तिथंच थांबा! एक पाऊल फुडं टाकू नगा!”

माझा सासरा ओसरीवरून एवढ्या जोरात ओरडला, की गोठ्यातली म्हैस दावं तोडून परसात पळाली, कौलावरचं मांजर धाडकन खाली आलं आणि नदीपलीकडं चिंचवडात कुणाच्या तरी हातातली बशी फुटली. बशीचं मला नंतर कळलं. पण फुटली हे नक्की.

“पायात काय हाय तुमच्या?”

“काही न्हाई, मामा.”

“त्येच इचारतोय! काही का न्हाई?”

मी पायांकडं पाहिलं. चिखलीपासून थेरगावपर्यंतची धूळ त्यांच्यावर इमानानं बसली होती. पवनेच्या उतारात, नदी पायी ओलांडताना, ते एकदा धुतले होते, तर पलीकडच्या काठाची नवी बसली होती. दोन्ही पाय जागेवर होते, दहाच्या दहा बोटं होती. सासऱ्याला दाखवण्यासारखं याहून जास्त माझ्यापाशी काही नव्हतं.

“चोरीला गेलं?”

“न्हाई.”

“नवस केलाय?”

“न्हाई.”

“घरात कोण वारलंय?”

“समदी हायती.”

“मग?”

“मला असंच बरं वाटतं.”

असलं कारण त्या काळी कुठल्याही गावात चालत नव्हतं. माणूस अनवाणी असतो तो गरिबीनं, देवासाठी नाहीतर सुतकात. चौथं कारण आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि मी ते ऐन पौषात, हाडं वाजवणाऱ्या थंडीत, सासऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं होतं. वर शहाणपणाही केला. म्हणालो, “दारात पायताण काढायचंच असतंय ना, मामा? मी घरनंच काढून आलो, असं समजा.”

“काढायला आदी घालावं लागतंय!” सासरा गरजला. “आदी घाला, मग काढा, मग आत या!”

थंडी पडली की मला हे आठवतं, आणि दर वर्षी नव्यानं राग येतो. खरं तर आता थंडी पूर्वीसारखी पडतच नाही. हल्लीची थंडी भित्री. दाराशी येते, स्वेटर पाहते आणि माघारी जाते. त्या वर्षीची थंडी पन्नास सालानंतरच्या सगळ्या थंड्यांची आजेसासू होती. सकाळी घागर उपडी केली, तर पाणी आधी घागरीचा आकार धरून क्षणभर उभं राहायचं आणि मग सांडायचं. आमचा कोंबडा आरवायला चोच उघडायचा, ती मिटायला दुपार व्हायची. हे मी चाळीस वर्षं सांगत आलोय. ऐकणारे हसतात. हसोत. ज्यांच्या पायांनी ती जमीन पाहिली नाही, त्यांच्या तोंडाला काय लागायचं?

सकाळी मी बागेत जातो. तिथं पांढऱ्याशुभ्र बुटांतली माणसं गोल गोल पळत असतात, घाण्याच्या बैलासारखी, फक्त तेल निघत नाही. मधोमध नगरपालिकेनं गोटे पुरून एक वाट केलीय आणि पाटी लावलीय, ‘येथे अनवाणी चालावे’. परवा एक गृहस्थ बूट काढून, मोजे घडी करून, त्या गोट्यांवरून ‘आई गं, आई गं’ करत चालत होता. मला म्हणाला, “आजोबा, फार फायदा होतो हं. तुम्हीपण करून बघा.” मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण तो दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी येतो, असं ऐकलं.

आता हेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी येऊन माझे पाय तपासायचा. मी हल्ली चपला घालतो. चिखलीत आमचं गव्हाचं वावर होतं तिथं आता पत्र्याच्या शेड आहेत, आणि रस्त्यावर लोखंडाचा कीस पडलेला असतो, चकाकणारा, कुरळा, न्हाव्याच्या दुकानातल्या केसांसारखा. तो तळव्यात घुसला की डॉक्टरच काढतो. जमीनच वैरी झाली, तर पायांनी काय करावं? आमच्या घरात जोडे आले, बरेच आले. त्यातला पहिला जोडा माझ्यासाठी नव्हता. पण ते नंतर. किंवा राहूच दे.

मी अनवाणी झालो ते लग्नातल्या वहाणांमुळं. वैशाखात लग्न झालं तेव्हा सासऱ्यानं मला वहाणा दिल्या. वहाणा कसल्या, दोन पाळीव कुत्री होती! चालताना करकर ओरडायच्या आणि संधी मिळेल तिथं चावायच्या. अंगठ्याला फोड, टाचेला फोड, करंगळीचं तर नावच घेऊ नका. तेल पाजलं, रात्रभर पाण्यात बुडवल्या, आईनं तर त्यांची दृष्टसुद्धा काढली. सात महिन्यांत माझ्या पायाचं एवढं कातडं त्यांनी खाल्लं, की त्यात अजून एक वहाण झाली असती.

मग मार्गशीर्षातली ती सकाळ. गव्हाला पाणी चालू होतं. मी दारं धरत होतो, म्हणजे एक वाफा भरला की खोऱ्यानं मातीचा बांध फोडायचा आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. उजाडायचं होतं. वहाणांनी टाच सोलली तशी मी त्या काढल्या आणि भिरकावल्या त्या थेट बांधापलीकडं. एक मोशीच्या शिवारात पडली म्हणतात. आणि पाय वाफ्यात टाकला.

हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं. वरती हवा सुरीसारखी कापत होती, आणि खाली पाटातून वाफाळतं पाणी माझ्या घोट्यांभोवती येऊन बिलगलं. चिखल बोटांच्या फटीतून वर आला, मऊ, ऊबदार, दह्यासारखा. डोळे मिटले तरी कळायचं, पाणी कुठवर पोचलंय, कुठं उंदराच्या बिळात गळतंय, कुठला कोपरा कोरडा राहिलाय. माझ्या पायांना अचानक अक्कल आली होती. बावीस वर्षं ज्यांना मी नुसती ओझी वाहणारी जनावरं समजत होतो, ते बोलायला लागले. त्या दिवसापासून मी पायात काही घातलं नाही. मर्जी माझी.

गावाला मात्र ती सोसवेना. चुलता म्हणाला, बिघडलं. चांभारानं माझ्याशी बोलणं सोडलं. पोरं मागून खडे टाकून बघायची. मी छाती काढून सांगत फिरायचो, “सात गावांत एक माणूस दाखवा, हिवाळ्यात अनवाणी चालणारा! एक!” कुणी दाखवला नाही. मला वाटलं, मी जिंकलो.

तेव्हा माझी बायको, हौसा, महिनाभर माहेरी थेरगावात होती. संक्रांतीला तिला घेऊन यायचं ठरलं होतं. ती नव्हती तर घर ओस वाटत होतं, हे तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती आणि आता सांगून उपयोग नाही. चूल तीच, भाकरी आईच्या हातची, पण गिळताना अडकायची. म्हणून संक्रांतीच्या आदल्या दिवशी निघालो, तसाच. आणि सासऱ्यानं मला उंबऱ्याबाहेर अडवलं.

त्याचं दुःख तुम्हाला समजावून सांगितलं पाहिजे. जावई घरी आलाय हे गावाला कसं कळायचं? उंबऱ्याबाहेरच्या जोड्यावरून. नवा, मोठा, करकरीत जोडा दाराशी दिसला की येणारे-जाणारे थांबायचे, विचारायचे, बुजुर्ग मान डोलवायचे. शेजारच्या भिकाचा जावई पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागला होता. तो बूट घालून यायचा आणि ते बूट भिका तीन-तीन दिवस दारात मांडून ठेवायचा, तोंड रस्त्याकडं करून, जसे काय बैल शर्यतीला उभे. आणि इकडं माझा सासरा! पहिल्या संक्रांतीचा जावई, आणि दारात काढायला जोडा नाही. शिवाय अनवाणी आलेला जावई म्हणजे रुसलेला जावई, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

“काय पायजे ते एकदा सांगून टाका,” सासरा दात आवळून म्हणाला. “आंगठी? सायकल?”

“काहीच नको, मामा.”

“काहीच नको म्हंजी लई मोठं पायजे!” तो जमलेल्या गावाकडं वळला. “बघा! म्हैस मागतोय ह्यो!”

मी म्हशीचं नावही काढलं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत गावात बातमी पक्की झाली, की चिखलीचा जावई दोन म्हशी आणि नदीकाठचा मळा मागून बसलाय. आणि सासऱ्यानं निकाल दिला, “पायात जोडा घालून उंबऱ्यापातूर यायाचं, तिथं काढायचा, आत येऊन तिळगूळ खायाचा. मग पोरगी धाडीन. न्हाईतर हौसा ऱ्हाईल हितंच!”

“मग मीबी ऱ्हाईन हितंच,” म्हणालो, आणि ओसरीवर घोंगडी पसरली.

ते तीन दिवस! ओसरी तीन बाजूंनी उघडी. नदीवरचा वारा आधी माझ्यापाशी यायचा, माझी हाडं मोजायचा आणि मगच पुढं जायचा. येणारा प्रत्येकजण माझ्या पायांकडं पाहायचा, तोंडाकडं कुणी नाही. पुरुष ओरडायचे, टोमणे मारायचे, उपदेश करायचे. एक म्हातारा तर रोज सकाळी येऊन माझ्या पायावर थुंकता येईल एवढ्या अंतरावर बसायचा, थुंकायचा नाही, नुसती तंबाखू घोळवायचा. बायका मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. डोक्यावर हंडे घेऊन नदीवरून यायच्या, थंडगार फरशीवरून आत जायच्या, परत यायच्या. त्या गप्प आहेत म्हणजे माझ्या बाजूनं आहेत, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, हौसा ओसरीवरून पाण्याला चालली होती. मी तिला हळूच म्हणालो, “तू तरी सांग तुझ्या बापाला. भुईला पाय लागला म्हंजी माणसाला कसं वाटतं.”

ती थांबली. “मी काय सांगू?”

“खरंय,” म्हणालो. “तुला न्हाई कळायचं त्यातलं.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग चुंबळ डोक्यावर ठेवली आणि गेली.

त्या आधी पहाटे मी गावाला धडा शिकवायचा म्हणून भिकाच्या हरभऱ्यातून चालून आलो होतो. हिवाळ्यात हरभऱ्याच्या पानांवर दवाबरोबर आंब धरते, आंबट, झोंबरी. फडकं फिरवून बायका ती गोळा करतात, पोटदुखीला देतात. टाचेला भेग असली आणि तिच्यात आंब गेली, की डोळ्यांपुढं काजवे चमकतात. माझ्या चमकले. नऊशे चमकले! पण मी हूं की चूं केलं नाही, चेहऱ्यावर हसू ठेवून सगळं वावर पार केलं. वावरात हौसा आणि तिची आई फडकं घेऊन आंब गोळा करत होत्या, वाकून, कमरेएवढ्या धुक्यात. त्यांनी माझा पराक्रम पाहिला असणार. वाहवा मात्र केली नाही.

आणि दिवेलागणीला मला माझा मान मिळाला, असं मला वाटलं. चुलीपाशी सासूनं मेण, राळ आणि तेल वाटीत कढवलं. त्याचा वास मला अजून येतो, जळक्या मधासारखा. टाचांच्या भेगांत ते मलम भरलं की भेग मिटते. हौसानं ती वाटी ओसरीच्या कडेला निवायला आणून ठेवली आणि आत गेली. मी समजलो, चला, कुणीतरी जावयाची कदर केली. मी दोन्ही टाचा भरल्या, घोटे भरले, उरलेलं तळव्याला चोळलं. वाटी लख्ख केली. हौसा परत आली तेव्हा तिच्यामागं तिची आई आणि भावजय होती. तिघींनी वाटीत पाहिलं. हौसानं वाटी उचलली. तिघी आत गेल्या. मला वाटलं, लाजल्या.

त्याच दिवशी सासरा देहूरोडला जाऊन आला होता. तिथल्या बाजारात लष्करातले जुने बूट मिळायचे. त्यानं आणलेला जोडा पाहून मी घोंगडी डोक्यावरून घेतली. काळे, ढोपरापर्यंत दोऱ्यांचे, तळाला लोखंडी खिळे. एका बुटात आमचं वासरू सुखानं झोपलं असतं. दुसऱ्यात त्याची आई.

“घाला,” सासरा म्हणाला.

“न्हाई.”

“लढाईवर गेलेला बूट हाय!”

“मग त्याला इसावा द्या.”

तिसऱ्या दिवशी उजाडताना मी पाहतो तर सासऱ्यानं ते बूट स्वतःच्या हातानं उंबऱ्याबाहेर मांडले होते, चोच रस्त्याकडं, भिकाच्या जावयाच्या बुटांवर ताण. कुणी विचारायचं, “जावई आलाय जणू?” सासरा म्हणायचा, “व्हय, आत निजलाय.” आणि मी त्याच्याशेजारी दोन हातांवर, घोंगडीत, उघड्या पायांनी बसलेला! माझ्या देखत मला आत निजवलं त्यानं. माणूस इज्जतीपायी समोरचा जावई खोडून काढतो, आणि कातड्याच्या दोन डबड्यांना जावई म्हणतो. या जगाबद्दल माझं मत जे वाईट झालं ते त्या सकाळी, ते आजतागायत सुधारलेलं नाही.

मग एक कुत्रं आलं. मरतुकडं, पिवळं. त्यानं डावा बूट हुंगला, तोंडात धरला आणि चालू लागलं. सासरा तेव्हा परसात होता. मी पाहिलं. मी ओरडलो नाही. खोटं कशाला बोलू, मी त्याला हातानं वाटही दाखवली.

तासाभरात दारात एकच बूट, आणि गावात एकच बातमी, की जावयाला एकच पाय आहे, दुसरा कारखान्याच्या यंत्रात गेला, म्हणूनच तो तीन दिवस उठला नाही. दोन म्हाताऱ्या सासूच्या गळ्यात पडून रडून गेल्या. सासरा बाहेर आला, त्यानं एकटा बूट पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं.

“माझी अब्रू कुत्र्याला घातलीस!” त्याच्या तोंडून ‘तुमी’ गळून पडलं. “नीघ! हौसा न्हाई येणार! सात जन्म न्हाई येणार!”

मीही उठलो. तीन दिवसांचा गारठा एकदम तोंडातून बाहेर आला. काय काय बोललो! त्याच्या वहाणांचा उद्धार केला, त्याच्या बुटांचा केला, भिकाचा, त्याच्या जावयाचा, कारखान्याचा, थेरगावच्या शंभर पिढ्यांचा. गाव गोळा झालं. मी ओसरीच्या खांबाला धरून ओरडलो, “अरे, कुणाच्या पायात हिंमत हाय का माझ्यासारखी? दाखवा एक! अख्ख्या मावळात दाखवा!” आणि आत कुठंतरी मला भीती वाटत होती, की मी हे सगळं जिंकून एकटाच घरी जाणार. ओस घरात. अडकणाऱ्या भाकरीकडं.

तेवढ्यात हौसा आतून आली. हातात गठुडं. तिनं बापाच्या पायांना हात लावला. “कुटं निगालीस?” तो म्हणाला, आवाज उतरला होता त्याचा. “जोडा न्हाई गं त्याच्या पायात.” तिनं उंबरा ओलांडला, तो एकटा बूट ओलांडला, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, “चला.”

आम्ही निघालो. मी पुढं, ती मागं, रीतच ती. नदीपर्यंत मी बोलत होतो. बाभळीचा काटा पायात मोडला तर कसा काढायचा, दव कसं झोंबतं, माती कशी बोलते, आणि एवढ्या थंडीत असं चालायला काय काळीज लागतं! उतारात पाणी गुडघ्याएवढं होतं, दगड बर्फासारखे. पलीकडं गेलो आणि ऊन पडलेल्या ओल्या वाळूत दम खायला थांबलो. मागं वळून पाहिलं.

वाळूत पावलं उमटली होती. माझी, मोठी, फताडी. आणि त्यांच्या मागोमाग, लहान, एकाआड एक, तितकीच उघडी. बोटं दिसत होती. टाचेच्या जागी भेगांच्या रेघा वाळूतसुद्धा स्पष्ट होत्या, आणि एका पावलात लालसर ओल.

मी तिच्या पायांकडं पाहिलं. लग्न होऊन आठ महिने झाले होते. मला काय सुचलं माहीत नाही. चाळीस वर्षं ही गोष्ट सांगताना मी इथंच थांबत आलो, कुत्र्यापाशी हसवून मोकळा झालो. पण त्या वाळूत मी बोललो ते हे, “हौसे, अगं, तुझं पायताण? गडबडीत माहेरी ऱ्हायलं व्हय? थांब, मी पळत जाऊन घेऊन येतो.”

तिनं पदरानं पाय टिपले, गठुडं डोक्यावर घेतलं.

“नव्हतंच कधी,” ती म्हणाली.